फ्रँक सरदारांच्या संशयास्पद वंशावळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक वंशावळ पाठवतं. खालच्या चौकोनांत हयात माणसं, मग पणजोबा-खापरपणजोबा, मधे एखादं फ्रेंच किंवा जर्मन जहागीरदार घराणं, त्याच्या वर शार्लमेन (आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा राजा आणि पुढे सम्राट), आणि शार्लमेनच्याही वर रोमन सिनेटर. एकात तर ग्रीक दंतकथांतल्या ट्रॉयचा राजा प्रायमही होता. मी पेशाने इतिहासकार नाही. लॅटिन हौसेने शिकलो आणि या भानगडीत अडकलो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

आमच्या फ्रेंच जावयाच्या घरच्या वंशावळीत शार्लमेन आहे. खरं असेल का?

तो शार्लमेनचा वंशज बहुधा असेलच. पण झाडात दाखवलेल्या वाटेनेच असेल, असं नाही.

शार्लमेन २८ जानेवारी ८१४ रोजी वारला. पिढीला तीस वर्षं धरली तर आजपर्यंत चाळीस पिढ्या होतात. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत गेलात तर चाळिसाव्या पायरीवर सुमारे १ लाख १० हजार कोटी पूर्वजांच्या जागा भराव्या लागतात. आजवर जन्मलेली सगळी माणसं गोळा केली तरी तेवढी भरणार नाहीत. म्हणजे तीच तीच माणसं हजारो जागांवर पुन्हा येतात. शार्लमेनला दीड डझन तरी मुलं होती, त्यातल्या काहींचा वंश चांगलाच फोफावला. तेव्हा ज्याची मुळं पश्चिम युरोपात आहेत, त्याच्या पूर्वजांत शार्लमेन नसणंच जवळजवळ अशक्य.

पण हा झाला हिशेब. 'वंशज आहे' आणि 'वंश सिद्ध झालाय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यासाठी प्रत्येक बाप-लेक, माय-लेक जोडीला पुरावा लागतो. चाळीसपैकी एकोणचाळीस दुवे भक्कम आणि एक ढिला असेल, तर वरचं सगळं त्या एका दुव्यावर लोंबकळतं. माझ्या पाहण्यात बहुतेक झाडं ८५० ते १०५० या पट्ट्यात निखळतात.

भक्कम दुवा म्हणजे कसा?

एक उदाहरण देतो. शार्लमेनचा मुलगा इटलीचा पिपिन ८१० मध्ये गेला. त्याचा मुलगा बर्नार्ड. त्याने काका लुई द पायस याच्याविरुद्ध बंड केलं, त्याचे डोळे काढले गेले आणि तो ८१८ मध्ये मेला. बर्नार्डला पिपिन नावाचा मुलगा होता, आणि त्या पिपिनला बर्नार्ड, पिपिन आणि हेरिबर्ट असे तिघे, हे प्रूम मठाचा रेगिनो सांगतो. हेरिबर्ट म्हणजे व्हेरमांदवाचा काउंट. रेगिनो त्याचा समकालीन होता, त्या बाजूने लिहून त्याला काही मिळायचं नव्हतं, आणि नावांचा क्रमही त्याला दुजोरा देतो. या काळात यापेक्षा जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.

दुवा तपासताना मी तीन गोष्टी विचारतो. कोण सांगतंय? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि तसं सांगण्यात त्याचा फायदा काय?

आडनावं नव्हती, मग घराणं ओळखायचं कसं?

नावांवरून. पण जपून. 'कॅरोलिंजियन' (शार्लमेनचं घराणं), 'रॉबर्टियन' (बलाढ्य रॉबर्टचं) ही लेबलं नंतरच्यांनी चिकटवली. त्या काळचा माणूस स्वतःला 'रॉबर्ट' एवढंच म्हणवायचा, फार तर हुद्दा लावायचा.

नावं मात्र उगाच ठेवली जात नसत. ती घराण्याची मालमत्ताच होती. कधी आजोबांचं अख्खं नाव नातवाला, तर कधी नावाचा अर्धा तुकडा, म्हणजे 'क्लो-', 'थिउड-', '-बर्ट', '-रिक' यांतला एखादा. जर्मन अभ्यासक याला 'लाइटनामे' म्हणतात, घराण्याचं वाटाड्या नाव. शार्लमेनला ७७८ मध्ये जुळे मुलगे झाले, त्यांची नावं लुई आणि लोथार ठेवली. लुई म्हणजे जुना 'क्लोव्हिस' आणि लोथार म्हणजे 'क्लोथार'. ही दोन्ही नावं ज्या मेरोव्हिंजियन राजघराण्याला शार्लमेनच्या बापाने ७५१ मध्ये गादीवरून उतरवलं होतं त्याची. गादी घेतली, आता नावंही घेतली. जुळ्यांपैकी लोथार तान्हेपणीच गेला. म्हणजे नाव सारखं आहे म्हणून रक्त सारखंच असेल असं नाही, ते उचललेलंही असू शकतं.

दुसरी अडचण म्हणजे नावं आईच्या माहेराकडूनही यायची. 'वंश म्हणजे बापाचा' ही पक्की समजूत त्यांच्यात नंतर रुजली. दहाव्या-अकराव्या शतकाआधी ती कितपत होती यावर जर्मन इतिहासकार कार्ल श्मिटपासून आजपर्यंत वाद चालू आहे.

मग 'रेगिनारला गिझलबर्ट नावाचा मुलगा होता, म्हणून त्याचा बापही गिझलबर्ट' हे चालेल का?

चालतं, पण लंगडत. ८४६च्या नोंदीत फुल्डाचे वार्षिक वृत्तांत सांगतात की गिझलबर्ट नावाच्या सरदाराने सम्राट लोथारची (हा शार्लमेनचा नातू) मुलगी पळवली, अॅक्विटेनला नेली आणि तिच्याशी लग्न लावलं. मुलीचं नाव नाही. पुढे लोथारिंगियात (आजच्या बेल्जियम-लॉरेनच्या भागात) रेगिनार नावाचा मातब्बर काउंट दिसतो. तो ९१५ मध्ये वारला आणि त्याच्या मुलाचं नाव गिझलबर्ट. त्यावरून, आणि जहागिरी त्याच टापूत असल्यामुळे, रेगिनार हा त्या पळवापळवीतून जन्मलेला मुलगा असं बहुतेक जण मानतात. मलाही पटतं. पण झाडात त्या मुलीच्या चौकोनात 'एर्मेनगार्ड' असं ठसठशीत छापलेलं असतं, ते समकालीन कागदात नाही. आधी कुणीतरी कंसात अंदाज लिहिला, दुसऱ्याने कंस काढला, तिसऱ्याने जन्मसाल घातलं. खोटी वंशावळ क्वचितच कुणी ठरवून लिहितो. बहुतेक वेळा कंस गळतो.

लॅटिन कागदात 'नेपोस' लिहिलंय. म्हणजे पुतण्या ना?

पुतण्या, भाचा, नातू, कधी नुसताच वंशज. यातलं काहीही. एकट्या या शब्दावर किती झाडं वाकडी वाढली असतील देव जाणे. 'नेपोस' आणि संस्कृत 'नप्तृ' सख्खे भाऊ आहेत, आणि आपला 'नातू' त्याच 'नप्तृ'पासून आला. मराठी वाचकाला तो पाहिला की लगेच नातू आठवतो, तिथेच घसरायला होतं.

जुन्या लॅटिनमध्ये काका आणि मामा आपल्यासारखेच वेगळे होते, 'पात्रूस' आणि 'अव्हुन्कुलुस'. हळूहळू 'अव्हुन्कुलुस'ने दोन्ही जागा बळकावल्या. फ्रेंचमधला 'ओंक्ल' त्यातूनच आला आणि तो दोघांनाही चालतो. तेव्हा नवव्या शतकातला लेखक 'अव्हुन्कुलुस' म्हणतो तेव्हा मामाच असेल असं धरू नका. तो इतर ठिकाणी हा शब्द कुणाला लावतो ते आधी बघा. 'गेनेर' म्हणजे जावई, पण मेहुणाही. 'कोन्सांग्विनेउस' म्हणजे नात्यातला कुणीतरी. त्यावर झाड बांधू नये.

शार्लमेनच्या मागे खात्रीने किती पिढ्या जाता येतं?

बाप ठेंगणा पिपिन, आजोबा शार्ल मार्तेल, पणजोबा हेरिस्टालचा पिपिन (मृत्यू ७१४). इथवर रस्ता पक्का. त्या पिपिनचा बाप अन्सेगिझेल, हेही ७२७च्या सुमारास लिहिलेल्या फ्रँकांच्या इतिहासात येतं. त्याच्या वर मात्र धुकं.

शाळकरी पुस्तकांपासून सगळीकडे अन्सेगिझेलचा बाप म्हणून मेट्झचा बिशप संत आर्नुल्फ दाखवतात. आर्नुल्फ ६१४च्या सुमारास बिशप झाला. त्याचं जुनं चरित्र त्याला दोन मुलगे असल्याचं सांगतं, नावं देत नाही. अन्सेगिझेल हा त्यांतला एक, हे इतिहासकार पॉल डीकन सांगतो, मेट्झच्या बिशपांच्या इतिहासात, ७८४च्या आसपास. म्हणजे शार्लमेनच्या राज्यात, मेट्झच्याच बिशपच्या सांगण्यावरून आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी. पॉल पुढे असंही सुचवतो की अन्सेगिझेल उर्फ 'अन्खिसुस' हे नाव ट्रॉयच्या अँकायसिसवरून आलं असावं. राजाच्या पूर्वजांत संत हवा, जमलं तर ट्रॉयही हवं. तीन प्रश्नांपैकी फायद्याचा प्रश्न इथे लख्ख दिसतो. यावरून पॉल खोटारडाच ठरतो असं नाही. मेट्झमध्ये काही आठवण शिल्लक असेलही. पण अलीकडच्या काही इतिहासकारांना हा दुवा मान्य नाही, आणि मी स्वतः तिथे तुटक रेघ मारतो. आर्नुल्फच्या बायकोचं 'डोडा' हे नाव तर आणखी उशिराच्या परंपरेतलं.

खरी गंमत त्यानंतर. इ. स. ८००च्या आसपास तयार झालेल्या एका वंशावळीत आर्नुल्फचा आजोबा म्हणून अन्सबर्ट नावाचा सिनेटर येतो आणि त्याची बायको म्हणून ब्लिथिल्ड, मेरोव्हिंजियन राजा क्लोथारची मुलगी. एका फटक्यात नव्या राजघराण्याला रोमन सिनेटर मिळाला आणि जुन्या राजघराण्याची लेकही. आता तूरचा बिशप आणि इतिहासकार ग्रेगरी उघडा. तो ५९४ मध्ये वारला, क्लोथारच्या मुलांशी त्याची प्रत्यक्ष ऊठबस होती. त्याने क्लोथारची अपत्यं बायकांनिशी मोजून दिली आहेत: सात मुलगे आणि एक मुलगी, क्लोडोसिंडा, जी लोंबार्ड राजा अल्बोइनला दिली. ब्लिथिल्ड कुठेच नाही. दोनशे वर्षांनी, नेमकी गरज पडली तेव्हा ती उगवली. तिच्यावरून पुढे क्लोव्हिसपर्यंत आणि अन्सबर्टवरून गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) रोमन घराण्यांपर्यंत चढणारी झाडं आजही जोरात फिरतात.

आणि मेरोव्हेक? मेरोव्हिंजियन घराण्याचा मूळपुरुष?

मेरोव्हिंजियन राजा क्लोव्हिस, त्याचा बाप चिल्डेरिक खरा. १६५३ मध्ये तूर्नेला त्याची कबर सापडली, त्यात त्याच्या नावाची मुद्रेची अंगठी होती. अंगठी १८३१ मध्ये पॅरिसहून चोरीला गेली, ठसे उरले. मेरोव्हेक हा चिल्डेरिकचा बाप, असं ग्रेगरी म्हणतो. पण मेरोव्हेक राजा क्लोडिओच्या वंशातला, हे सांगताना तो 'काहीजण म्हणतात' असं जोडतो. तो इतका सावध राहिला, तर आपण का नको? पुढच्या शतकातल्या फ्रेडेगरच्या वृत्तांतात मेरोव्हेकच्या जन्मकथेत समुद्रातला राक्षस येतो. तिथे वंशशास्त्राची हद्द संपली.

बायकांची नावं इतकी कमी का?

कमी आहेत, पण वाटतात तितकी नाहीत. शार्लमेनची बायको हिल्डेगार्ड ७८३ मध्ये गेली. पन्नासेक वर्षांनी लुई द पायसचा चरित्रकार थेगान तिचा वंश असा देतो: ड्यूक गोटफ्रिडचा मुलगा हुओखिंग, त्याचा नेबी, नेबीची मुलगी एम्मा, आणि एम्माची हिल्डेगार्ड. लेखाजोखा आईच्या बाजूने, कारण आलेमानियाच्या (आजच्या नैऋत्य जर्मनीकडच्या) ड्यूकांशी नातं तिकडून होतं. शार्लमेनच्या आईचं, बर्ट्राडाचंही तसंच. बर्ट्राडाचा बाप कारिबर्ट आणि त्याची आई थोरली बर्ट्राडा यांनी ७२१ मध्ये प्रूमचा मठ स्थापला, ते दानपत्र मायलेकांच्या नावाने आहे. थोरल्या बर्ट्राडाचा बाप कोण, यावर मात्र नुसते तर्क.

मठांच्या नामावळ्या कामाला येतात का?

खूप. रायशेनाउच्या मठाने ८२४च्या सुमारास एक स्मरणग्रंथ सुरू केला. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, जिवंत आणि मेलेली, त्यात आहेत. अडतीस हजारांहून जास्त नावं. सध्या तो झ्युरिचला आहे. अशाच नोंदी सेंट गॉल, फेफर्स, रेमिरमाँ इथेही आहेत. पान उघडलं की नुसत्या नावांचे रकाने दिसतात. 'याचा मुलगा', 'तिचा नवरा' काही नाही. पण एखादं कुटुंब एकाच वेळी नोंदवलं गेलं तर नावांचा घोळका एकत्र येतो, आणि तोच घोळका दुसऱ्या मठातही दिसला तर ती माणसं एकमेकांची होती हे कळतं. कशी, ते कळत नाही. वर्गाच्या जुन्या फोटोवरून कोण कुणाचा भाऊ ते ओळखण्यासारखं आहे हे.

एखादी वंशावळ प्रत्यक्ष तपासून दाखवाल?

माझी आवडती दाखवतो. सेप्टिमानियाचा (दक्षिण फ्रान्समधल्या टापूचा) बर्नार्ड आणि त्याची बायको डुओडा.

डुओडाचं लग्न २९ जून ८२४ रोजी आखेनच्या राजवाड्यात झालं. थोरला मुलगा विल्यम २९ नोव्हेंबर ८२६चा, धाकटा २२ मार्च ८४१चा. इतक्या नेमक्या तारखा या काळात राजांच्याही मिळत नाहीत. त्या मिळतात कारण तिने स्वतः लिहिल्या. विल्यमला राजा चार्ल्स द बाल्डच्या दरबारी ठेवलं होतं. ओलीसच म्हणा. त्याच्यासाठी तिने युझेसला बसून ८४१ ते ८४३ या काळात उपदेशाचं पुस्तक लिहिलं. धाकट्याला नवऱ्याने बाप्तिस्म्याआधीच अॅक्विटेनला मागवून घेतलं, त्यामुळे त्याचं नाव काय ठेवलं हे तिला लिहिताना माहीत नाही. आई लिहितेय आणि आपल्या बाळाचं नाव तिला ठाऊक नाही.

त्याच पुस्तकात ती विल्यमला सांगते, तुझ्या बापाच्या या गेलेल्या नातलगांसाठी प्रार्थना कर: विल्यम, कुनिगुंडा, गेर्बेर्गा, विटबुर्गा, थियोडरिक, गोझेल्म, ग्वार्नारियस, रोटलिंड. आता गेलोनच्या मठाचं ८०४चं दानपत्र शेजारी ठेवा. बर्नार्डचा बाप विल्यम त्यात आई-बाप थियोडरिक आणि अल्डाना, बायका कुनिगुंडा आणि विटबुर्गा, मुलांत गोझेल्म अशी नावं देतो. गेलोन आणि शेजारचा आनियान मठ नंतर हक्कांवरून भांडले आणि कागदांत हात घातले गेले, म्हणून या दानपत्रावर संशय आहे. पण डुओडाला मठांच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तिची नावं जुळतात. दोन स्वतंत्र साक्षी.

इथेच एक खड्डा आहे. दोन्हीकडे थियोडरिक दिसला की 'हा खापरपणजोबा, तो पणजोबा' असं काहीतरी जोडायचा मोह होतो. पण डुओडाचा थियोडरिक हा तिच्या मुलाचा, विल्यमचा, काका आणि धर्मपिता, असं ती स्वतःच सांगते. नाव एक, माणसं दोन.

थोरल्या थियोडरिकवर तर अख्खी इमारत उभी केली गेली. १९७२ मध्ये आर्थर झुकरमन यांनी मांडलं की तो म्हणजे बगदादहून नार्बोनला आलेला ज्यू पुढारी माखिर. बायबलमधल्या राजा दाविदाच्या वंशाची आस असलेल्यांना ते फार आवडलं. अभ्यासकांनी नाकारलं. झाडांत मात्र ते मुक्कामाला आहे.

पुढे ८४४ मध्ये बर्नार्डला राजाने मारलं, ८५०च्या सुमारास विल्यमलाही. बिनानावाच्या बाळाचं काय झालं? सेंट बर्टिनच्या वृत्तांतात ८६४ साली रीम्सचा आर्चबिशप हिंक्मार एका बर्नार्डवर उखडतो: जुलमी बर्नार्डचा 'रक्ताने आणि वागण्याने मुलगा'. शिवी द्यायच्या नादात त्याने वंशशास्त्राची मोठी सोय केली. हाच पुढचा बर्नार्ड प्लांतेव्हेल्यू, आणि ९१० मध्ये क्लूनीचा मठ स्थापणारा विल्यम द पायस त्याचा मुलगा, असं बहुतेक मानतात. त्याच वर्षांत दक्षिणेत आणखी दोन बर्नार्ड वावरत होते, त्यांची सरमिसळ टाळायला अभ्यासकांनी शंभर वर्षं खपवली आहेत. 'विल्यम' हे नाव परत आल्याने माझा कौल बाजूने आहे, पण ठळक रेघ ८६४च्या त्या एका वाक्यावर उभी आहे हे विसरू नका.

आणि डुओडाचे आई-बाप? तिने सांगितलेच नाहीत. झाडांत तिला निरनिराळे बाप मिळालेत, एकात चक्क शार्लमेन. तिने विल्यमकडे मागितलं होतं ते एवढंच, की मी गेले की माझंही नाव त्या गेलेल्यांच्या यादीत लिही.

फ्रान्सचं कापे घराणं तरी पक्कं असेल?

बलाढ्य रॉबर्टपासून खाली, हो. तो ८६६ मध्ये ब्रिसार्तला व्हायकिंगांशी लढताना पडला, आणि ९८७ मध्ये राजा झालेला ह्यू कापे त्याचा पणतू. रॉबर्टचा बाप कोण, यावर रीम्सचा इतिहासकार रिशे ९९०च्या दशकात म्हणतो, विटिखिन नावाचा परका जर्मन. यावर फारसा कुणाचा विश्वास नाही. १९३६ मध्ये कार्ल ग्लोकनर यांनी ऱ्हाइनकाठच्या रॉबर्ट घराण्याशी धागा जोडला. लॉर्शचा मठ ७६४ मध्ये स्थापणारा कांकोर त्याच घराण्यातला. आधार म्हणजे लॉर्शच्या दानपत्रांचा बाराव्या शतकातला संग्रह, ३,८०० हून जास्त नोंदींचा. तिथल्या नोंदींत रॉबर्ट हे नाव पिढ्यान्‌पिढ्या येतं. तर्क चांगला आहे, आज तो सर्वमान्य म्हणावा इतका चालतो. तरी तो तर्कच. फ्रान्सच्या एवढ्या मोठ्या राजघराण्याला आपला खापरपणजोबा ठामपणे सांगता येत नाही, मग आपल्या झाडातली एखादी जागा रिकामी राहिली तर लाजायचं कशाला?

डीएनए चाचणी करून सोक्षमोक्ष लावता येईल का?

नाही. चाळीस पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून तुमच्यात बहुधा एकही तुकडा आलेला नसतो. वाय गुणसूत्र फक्त बाप-मुलगा-बाप अशा सरळ रेघेला लागू, आणि ताडून बघायला शार्लमेनचा नमुना कुठे आहे? २०१३ मध्ये फ्रान्सच्या नंतरच्या बूर्बाँ राजघराण्यातल्या तीन हयात पुरुषांची वाय गुणसूत्रं जुळली. राजा सोळाव्या लुईचं म्हणून जपलेलं रक्त त्यांच्याशी जुळलं नाही. चाचणी अशी उपयोगी पडते, एखादा दावा पाडायला.

ऑनलाइन झाडात चूक दिसली तर दुरुस्त करावी का?

करा, पण जीव अडकवू नका. एका झाडातली ब्लिथिल्ड मी चारदा काढली. चारही वेळा ती परत आली, चौथ्यांदा जन्मतारखेसकट.

मूळ साधनं कुठे बघू?

१८१९ मध्ये सुरू झालेल्या 'मोनुमेंटा गेर्मानियाए हिस्टोरिका' या प्रकल्पाचे जुने खंड फुकट ऑनलाइन आहेत: वृत्तांत, दानपत्रं, स्मरणग्रंथ. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' हे संकेतस्थळही बघा. लॅटिन येत नसेल तर ग्रेगरी, शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड, थेगान, डुओडा यांची भाषांतरं इंग्रजीत मिळतात. तेवढ्यावरही निम्मी झाडं पाडता येतात.

रोलाँ हा शार्लमेनचा भाचा होता ना?

जुन्या फ्रेंच वीरकाव्यात. ७७८ मध्ये पिरेनीजच्या घाटात मारल्या गेलेल्यांत ब्रिटनी सीमेचा प्रमुख 'रुओडलांड' होता, असं आइनहार्ड एका वाक्यात सांगतो, आणि काही हस्तलिखितांत तेही नाही. आई, बाप, मामा, काहीच दिलेलं नाही. चौकोन रिकामा ठेवा.